हाती संहिता नाही, विषय आहे: कार्यशाळेतून नवं नाटक कसं उभं करावं?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आता मदत हवी म्हणून धागा काढतेय.

आमचा हौशी नाट्यगट आहे. आठ-नऊ नट, एक दिग्दर्शक आणि लिहिणारी मी. आजवर छापील संहिता हातात घेऊनच तालमी केल्या. या खेपेला विषय आपला आणि नाटकही आपलंच, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. विषय आहे रात्रपाळी. वॉर्डातल्या नर्स, लिफ्टशेजारचे रखवालदार, मध्यरात्री परदेशी गिऱ्हाइकांचे फोन घेणारी मुलं, पहाटेचा पेपर छापणारे.

संहितेचा पत्ता नाही. दिग्दर्शक म्हणतो, कार्यशाळा लावू, इम्प्रो (संहितेशिवाय, जागच्या जागी सुचेल तसं खेळणं) करू, नाटक आपोआप निघेल. त्या 'आपोआप'नेच मला धडकी भरलीये. कार्यशाळा किती दिवस चालवायची आणि लिहायला कधी बसायचं? लेखकाने रोज तिथे बसायचं की लांब राहायचं? नटांच्या तोंडून आलेली वाक्यं मी वापरली, तर लेखक म्हणून माझं एकटीचं नाव लावणं बरं दिसेल का? ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. पुस्तकी असलं तरी चालेल, अनुभवाचं असेल तर उत्तम.

वाचनमात्र

वाचतोय. (नाव सार्थ करतोय.)

शाईचा_डाग

स्पष्टच लिहितो, हलकेच घ्या.

कार्यशाळेतून आलेली नाटकं दहाव्या मिनिटाला ओळखू येतात. गटात नऊ जण असले की नाटकात नऊ पात्रं. प्रत्येकाला एक लांबलचक स्वगत, कारण कोणाचं मन मोडायचं नाही. मध्येमध्ये सगळ्यांनी मिळून केलेल्या हालचाली आणि तोंडाने काढलेले आवाज. शेवटी सगळे एका रेषेत उभे राहून प्रेक्षकांकडे रोखून बघतात. ब्लॅकआउट. गोष्ट कुठाय असं विचारलं की उत्तर तयार असतं, 'आम्हाला गोष्ट सांगायचीच नव्हती.'

नाटक एका डोक्यातून यावं लागतं. समितीने अहवाल लिहावेत. तुमच्या विषयात दम आहे, तर घरी बसा आणि लिहा. नटांना नंतर बोलवा.

पाठांतर_कच्चं

'शेवटी सगळे एका रेषेत...' हसून हसून पुरेवाट. त्या रेषेत डावीकडून तिसरा मी होतो.

विंगेतून

शाईचा_डाग, लक्षणं बरोबर सांगितलीत, निदान पटलं नाही. ती नाटकं कार्यशाळेमुळे फसत नाहीत. कार्यशाळा आणि तालीम यांच्या मधलं लिहिणं गाळलं की फसतात. नटांना खेळताना जे सुचलं तेच एकामागोमाग एक जोडून प्रयोग लावला, तर रेषेत उभं राहण्यावाचून दुसरा शेवट सुचणार तरी कोणाला?

१९७४ साली लंडनमध्ये जॉइंट स्टॉक नावाची नाटक कंपनी निघाली. या कामाची एक रीतच त्यांनी घालून दिली. आधी लेखक, दिग्दर्शक आणि नट मिळून विषय धुंडाळणार. मग सगळे आपापल्या वाटेने, आणि लेखक एकटा लिहायला. मग तालमी, आणि तालमीत पुन्हा दुरुस्त्या. कॅरिल चर्चिल या ब्रिटिश नाटककार बाईने त्यांच्यासाठी १९७६ साली 'लाइट शायनिंग इन बकिंगहॅमशायर' लिहिलं, सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धावर. त्याचा हिशेब तिनेच नोंदवून ठेवलाय. तीन आठवडे कार्यशाळा, सहा आठवडे लेखन, पाच आठवडे तालीम. म्हणजे सगळ्यात मोठा तुकडा लेखिकेच्या एकटीच्या खोलीतला.

१९७९ च्या 'क्लाउड नाइन'ची हकिगत याहून बोलकी आहे. कार्यशाळेचा विषय होता स्त्री-पुरुष संबंधांतलं राजकारण. नट स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलले, बाई-पुरुषांच्या ठरीव साच्यांशी खेळले. लिहायला बसल्यावर चर्चिलने काय उचललं? कार्यशाळेत ओझरतं येऊन गेलेलं एक सूत्र, वसाहतीतलं दमन आणि लैंगिक दमन यांच्यातलं साम्य. त्यावरून पहिला अंक थेट व्हिक्टोरियन काळातल्या आफ्रिकेत गेला. पात्रं आणि प्रसंग कार्यशाळेत बनलेले नाहीत, तरी नाटक पोसलंय ते त्याच सामग्रीवर, असं ती प्रस्तावनेत सांगते.

तर तिसरी_घंटा, कार्यशाळा किती दिवस चालवायची हे नंतर बघा. ती कुठल्या तारखेला बंद करायची ते आधी ठरवा. त्या तारखेनंतर पहिला खर्डा हाती येईपर्यंत तुम्हाला कोणी फोन करायचा नाही. दिग्दर्शकानेसुद्धा नाही. विशेषतः दिग्दर्शकाने नाही.

रोज बसायचं का? हो. कोपऱ्यात, वही मांडीवर ठेवून. मधूनमधून स्वतःही खेळायला उतरा. वाईट अभिनय करा, त्याने नटांची भीड चेपते.

शाईचा_डाग

म्हणजे शेवटी एका डोक्यातूनच आलं ना? माझंच म्हणणं सिद्ध केलंत.

विंगेतून

अर्धं. ते डोकं आधी कार्यशाळेत बसलं नसतं तर आफ्रिकेपर्यंत पोचलं नसतं.

तिसरी_घंटा

बंद करायची तारीख आजच ठरवून टाकते. पण कार्यशाळेत रोज करायचं काय? आम्ही चाचणी म्हणून एक संध्याकाळ जमलो. 'रात्रपाळीवर इम्प्रो करा' म्हटल्यावर अर्धे जण जांभया देत बसले आणि उरलेल्यांनी एकेक दुःखी कहाणी सांगितली. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, माझी वही कोरी.

विंगेतून

'रात्रपाळी' हा विषय झाला. विषयावर इम्प्रो होत नाही. नटाला एक जागा द्या, समोर दुसरं माणूस द्या आणि दोघांना वेगवेगळं काहीतरी हवं असू द्या.

पण त्याच्याही आधी त्यांना बाहेर पाठवा. प्रत्येकाने रात्री काम करणाऱ्या एका माणसाला भेटून यायचं. मुलाखत नको, गप्पा. वही काढायची नाही. परत आल्यावर नटाने त्या माणसाच्या रूपात खुर्चीत बसायचं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. उत्तर माहीत नसलेला प्रश्न आला की नट काय करतो ते बघा. थाप मारतो, विषय बदलतो, की गप्प बसतो. पात्र तिथून सुरू होतं. दिवसा दाराची बेल वाजली तर उठता का, रजेच्या रात्री झोप लागते का, तुमच्या लेखी तारीख किती वाजता बदलते, असले बारके प्रश्न विचारा. 'रात्री एकटं वाटतं का' या प्रश्नावर बंदी घाला.

आता जागा आणि गरज. आमच्या एका कार्यशाळेतलं सांगतो. इस्पितळातली लिफ्ट, रात्रीचे तीन. एक रखवालदार आणि एका पेशंटची बहीण. खुर्ची एकच, रखवालदाराची. बहिणीला बसायचंय पण मागायचं नाही. रखवालदाराच्या कानात सांगितलं होतं, खुर्ची सोडायची नाही.

पहिल्या खेपेला दोघं जे सुटले! भावाचा आजार, कर्ज, रखवालदाराची गहाण पडलेली जमीन, शेवटी रडारड. लांबण आणि निव्वळ रटाळ. दिग्दर्शिकेने मग एकच अट घातली. पुन्हा करा, पण पेशंटबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

आता दोघंही अडले. बराच वेळ कोणी बोलेना. मग बहीण करणाऱ्या मुलीने फोन बाहेर काढला आणि तो बंद पडत आलाय अशा बेताने इकडेतिकडे बघू लागली. रखवालदाराने खिशातला चार्जर काढून दिला. थोड्या वेळाने तो उठला, 'राउंड मारून येतो' म्हणाला. ती म्हणाली, आत्ताच मारलात की. 'वरचा राहिलाय,' म्हणून तो निघून गेला. हे कोणी सांगितलं नव्हतं.

लेखकाने घरी जाऊन त्याचं केलं ते असं:

रखवालदार : किती टक्के?
बहीण : दोन.
रखवालदार : प्लग इथे खाली आहे. वायर आखूड आहे जरा.
(ती फोन लावते. वायर पुरत नाही. फोन हातात धरून खुर्चीशेजारी वाकून उभी राहते. तो समोर बघत बसतो. मग तिच्याकडे. मग पुन्हा समोर.)
रखवालदार : राउंड मारून येतो.
बहीण : आत्ताच मारलात ना?
रखवालदार : वरचा राहिलाय.
(जातो. ती बसते.)

आखूड वायर इम्प्रोमध्ये नव्हती, ती लेखकाची. पण वायर आखूड झाली म्हणून तिला वाकावं लागलं, ते वाकणं त्याला बघवेना, आणि खुर्ची कोणी न मागता मोकळी झाली. गहाण जमीन, कर्ज, भाऊ, सगळं गेलं. तरी प्रयोगात लोकांना ते कळायचं.

बॅकस्टेजवाली

वा. आणि यात नेपथ्य किती आहे बघा. एक खुर्ची, एक प्लग, एक वायर. म्हणून माझं नेहमीचं तुणतुणं: नेपथ्य, प्रकाश आणि संगीत करणाऱ्यांना कार्यशाळेतच बोलवा. खर्डा तयार झाल्यावर बोलावलं की ते फक्त सजावट करतात. रात्रीच्या नाटकात उजेड कुठून येतो हा लेखनाचाच प्रश्न आहे. लिफ्टचं दार उघडलं की पडणारा पट्टा, फोनचा उजेड, एक्स-रे बघायची पाटी. प्रकाशवाला आधीपासून असेल तर तुम्हाला प्रवेश सुचवेल.

दुसरं, नोंदी. सगळं मोबाइलवर शूट करून ठेवू असं कोणीतरी म्हणेलच. करा, पण ते परत कोणी बघत नाही. तासन्‌तास फुटेज साठतं आणि लेखक त्याच्याकडे बघून घाबरतो. शिवाय कॅमेरा दिसला की नट त्याच्यासाठी खेळायला लागतात. आमच्याकडे एक मुलगी फक्त वही सांभाळायची. वेळ, कोण खेळतंय, काय अट होती आणि कुठल्या क्षणाला खोलीतले बाकीचे जागे झाले, एवढंच लिहायची. आवाजाचं रेकॉर्डिंग कोपऱ्यात चालू. लेखकाला वहीत खूण दिसली की तेवढंच ऐकायचं.

वही लेखकाने सांभाळू नये. तो स्वतःला आवडलं तेवढंच टिपतो.

तिसरी_घंटा

'कुठल्या क्षणाला खोलीतले बाकीचे जागे झाले' हे भारी आहे. चोरतेय.

पाठांतर_कच्चं

मघाशी थट्टा केली, आता गंभीर होतो.

विंगेतून, 'वरचा राहिलाय' हे वाक्य कोणाचं? चार्जर नटाचा, वायर लेखकाची, अट दिग्दर्शिकेची. पोस्टरवर लेखक म्हणून एकच नाव आलं असणार.

मी नट आहे म्हणून विचारतो. एका गटात (नाव नको) कार्यशाळेत माझ्या तोंडून सहज गेलेल्या वाक्याला पुढे दर प्रयोगाला हशा यायचा. वर्षभराने संच बदलला, दुसऱ्या नटाने ते वाक्य म्हटलं, तेव्हाही हशा. मग संहिता पुस्तकरूपाने आली, त्यात ते छापलेलं. आमच्यापैकी एकाचंही नाव ऋणनिर्देशात नव्हतं. पैसे कोणी मागत नव्हतं हो. एक ओळ पुरली असती. त्यानंतर मी कार्यशाळेत हात राखून खेळतो. चांगलं सुचलं तरी बोलत नाही. असे नट किती असतील याचा विचार करा.

शाईचा_डाग

वाईट झालं तुमच्याबाबतीत. तरी एक विचारतो. लेखक रोज बसमध्ये, बाजारात लोकांची वाक्यं ऐकतो आणि वापरतो. त्या सगळ्यांची नावं छापायची का? वाक्य सुचणं वेगळं, ते कुठल्या प्रवेशात, कोणाच्या तोंडी, कशानंतर यावं हे ठरवणं वेगळं. माइक ली या ब्रिटिश दिग्दर्शकाचं उदाहरण घ्या. १९७७ चं 'ॲबिगेल्स पार्टी' हे त्याचं नाटक नटांच्या इम्प्रोमधूनच आलं. तो आधी एकेका नटाबरोबर एकट्याने पात्र घडवतो, पात्राला जेवढं ठाऊक असेल तेवढंच त्या नटाला ठाऊक असतं, मग हळूहळू त्यांना समोरासमोर आणतो. श्रेय काय? 'डिव्हाइज्ड बाय माइक ली', म्हणजे रचना माइक ली. लेखन असा शब्दही नाही आणि नाव एकच.

पाठांतर_कच्चं

बसमधल्या माणसाने संध्याकाळी तीन तास तुमच्यासाठी घाम गाळलेला नसतो. आणि ली यांचे नट पहिल्या दिवसापासून जाणून असतात की आपण कशात शिरतोय. माझी तक्रार नेमकी तीच आहे. आम्हाला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

कलम_दोन

वकिली करतो. हा व्यावसायिक सल्ला समजू नका, गोष्ट म्हणून वाचा. अशा भांडणांची दोन गाजलेली उदाहरणं आहेत, दोन्ही अमेरिकेतली.

पहिलं 'अ कोरस लाइन'. १९७४ च्या जानेवारीत नृत्यदिग्दर्शक मायकल बेनेट आणि काही नर्तक न्यूयॉर्कमध्ये रात्रभर बसले. नर्तकांनी आपापली आयुष्यं सांगितली, ती टेपवर घेतली. त्यातून हे म्युझिकल उभं राहिलं. १९७५ ते १९९० ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, ६,१३७ प्रयोग. आपल्या कहाण्या वापरायचे हक्क नर्तकांनी एकेका डॉलरला लिहून दिले होते. पुढे बेनेटने मिळकतीतला थोडा वाटा त्यांच्याकडे वळवला, पण कहाणी दिली त्या वेळी कागदावर आकडा होता तो एक डॉलरचा.

दुसरं 'रेंट', हेही म्युझिकल. त्याचा लेखक-संगीतकार जोनाथन लार्सन १९९६ च्या जानेवारीत, पहिला प्रयोग व्हायचा त्याच दिवशी पहाटे वारला. संहितेच्या पुनर्लेखनात त्याच्याबरोबर काम केलेल्या नाट्यसल्लागार लिन थॉमसन यांनी नंतर सहलेखक म्हणून १६ टक्के वाटा मागितला. १९९८ साली अपील न्यायालयाने निकाल त्यांच्या विरोधात कायम ठेवला. त्यांनी कामच केलं नाही, असं न्यायालय म्हणालं नाही. दोघांनीही एकमेकांना सहलेखक मानलं होतं हे दिसत नाही, असं म्हणालं. कार्यक्रमपत्रिकेत काय छापलं, बाहेरच्यांशी केलेल्या करारांत लेखक कोणाला म्हटलं, बदल ठेवायचा की काढायचा यात शेवटचा शब्द कोणाचा, हे सगळं तपासलं गेलं.

देशोदेशी कायदा वेगळा. पण नाटक चालायला लागल्यावर मनातला हेतू सिद्ध करत बसण्यापेक्षा पहिल्या दिवशी एक पान लिहिलेलं बरं. अंतिम संहिता कोण लिहिणार आणि तिचे हक्क कोणाकडे. नटांचं श्रेय कुठल्या शब्दांत, आणि ते पोस्टर, पत्रिका, पुस्तक या तिन्ही ठिकाणी येणार का. मिळकत झाली तर मूळ संचाला वाटा किती, आणि दुसऱ्या गटाने नाटक केलं तरी तो मिळणार का. कोणी स्वतःच्या आयुष्यातलं काही सांगितलं तर ते मागे घ्यायची मुभा कधीपर्यंत. एवढं साध्या मराठीत लिहा आणि सगळ्यांनी सही करा. वकील लागत नाही.

तिसऱ्या_रांगेतला

कलम_दोन यांना अनुमोदन. जाता जाता, लोकांना कधी दाखवायचं यावर कोणी बोललंच नाही.

माझं मत, खर्डा झाला की लगेच, पण उभं करून नाही. नुसतं वाचन, संहिता हातात. अमेरिकेत ओनील सेंटर १९६४ पासून आहे, तिथल्या नाटककारांच्या परिषदेत नवी नाटकं संहिता हातात धरूनच खेळतात, फारसा थाटमाट नाही. ऑगस्ट विल्सन या नाटककाराचं 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' १९८२ साली तिथून गेलं आणि १९८४ ला ब्रॉडवेवर आलं. हातात कागद दिसला की बघणाराही समजतो की हे अजून बदलायचं आहे.

वाचनानंतरची चर्चा हा मात्र खरा धोका. पहिला बोलतो तो आपलं वेगळंच नाटक सांगायला लागतो, 'मी असतो तर शेवटी नर्सला...' लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेने चर्चेची एक शिस्त बसवलीये, जगभर वापरतात. आधी लोकांनी फक्त सांगायचं की काय लक्षात राहिलं, काय भिडलं. मग लेखकाने प्रश्न विचारायचे. मग लोकांनी विचारायचे, पण प्रश्नात मत लपवायचं नाही. 'एवढी लांबण का लावलीत' चालणार नाही, 'त्या प्रवेशात तुम्हाला काय पोचवायचं होतं' चालेल. मत सगळ्यात शेवटी, तेही 'अमुक गोष्टीबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का' असं विचारून. लेखकाला 'नाही' म्हणता येतं.

पहिल्यांदा फार कृत्रिम वाटतं. आपल्याकडे बोलायचं तर परवानगी कसली मागायची! पण तासाभरात लेखकाच्या हाती वापरता येण्यासारखं काहीतरी पडतं. आणि तरीही, लोक काय बोलतात यापेक्षा वाचन चालू असताना काय करतात ते बघा. खोकला कुठे सुरू झाला, कोणत्या पानाला खुर्च्या वाजल्या.

शाईचा_डाग

खुर्च्यांबद्दल शंभर टक्के सहमत. चर्चेच्या शिस्तीबद्दल मौन बाळगतो.

तिसऱ्या_रांगेतला

मत असूनही न विचारता सांगितलं नाहीत, त्यामुळे नियमात बसलात.

वाचनमात्र

आज नाव मोडतो.

वरती सगळी इंग्लंड-अमेरिका चाललीये. 'घरी बसा आणि लिहा' यावरून दिग्दर्शक हबीब तन्वीर आठवले. त्यांचं 'चरणदास चोर' हे नाटक १९७५ चं. मूळ कथा राजस्थानी लेखक विजयदान देथांची, नट छत्तीसगढी, बरेचसे 'नाचा' या लोकनाट्यातून आलेले. त्यातल्या कित्येकांना वाचता येत नव्हतं, म्हणजे संहिता हातात देऊन उपयोग शून्य. तन्वीर आधी या नटांकडून हिंदी बोलवून घेत आणि कुठे उभं राहायचं, कुठून कुठे जायचं ते ठरवून देत. नट अवघडून जात. त्यांनी नटांना त्यांच्या बोलीत बोलू दिलं, त्यांच्या सवयीने वावरू दिलं, तेव्हा तीच माणसं मंचावर फुलली. १९८२ साली एडिंबरोच्या फ्रिंज महोत्सवात या नाटकाला पुरस्कार मिळाला.

मुद्दा एवढाच की कार्यशाळेतून प्रसंगच निघतात असं नाही. नाटकाची भाषा निघते. तिसरी_घंटा, तुमचे नट घरी जी मराठी बोलतात ती खोलीत येऊ द्या. सगळे एकसारखी स्वच्छ मराठी बोलायला लागले की समजा, तुमच्या आधीच्या छापील नाटकांची सवय बोलतेय.

विंगेतून

वाचनमात्र, एवढे दिवस कुठे होतात? लिहीत जा हो.

तिसरी_घंटा

धागा वर काढतेय, कारण पेच पडलाय.

कार्यशाळा सुरू आहे. बंद व्हायची तारीख भिंतीवर लावलीये, दिग्दर्शकाने तोंड वाकडं केलं पण मान्य केलं. वही सांभाळायला नटांपैकीच एका मैत्रिणीची धाकटी बहीण मिळाली, ती कोणाची भीड ठेवत नाही. खुर्चीतल्या प्रश्नांचा खेळ सगळ्यात फळला. एक नट पेपर छापणाऱ्या माणसाला भेटून आला होता. कोणीतरी विचारलं, सकाळी घरी पेपर येतो तो वाचता का? तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, 'आधी हात लावून बघतो, शाई वाळलीय का.' त्या माणसाने हे सांगितलं नव्हतं, नटाचं होतं. वहीत पोरीने दोनदा अधोरेखित केलंय.

पेच असा. एक नटी ज्या नर्सला भेटली, तिने वॉर्डातली एक रात्र सांगितली आणि निघताना म्हणाली, 'हे मात्र नाटकात नको.' नटीने खोलीत ते सांगून टाकलं. आता सगळ्यांना तोच नाटकाचा कणा वाटतोय. दिग्दर्शक म्हणतो, इस्पितळ बदलू, नर्सची डॉक्टर करू, कोणाला कळणार?

कलम_दोन

त्या नर्सला कळणार.

विंगेतून

नको म्हणाली म्हणजे नको. 'लॅरामी प्रोजेक्ट' हे अमेरिकन नाटक आठवा. १९९८ साली लॅरामी गावात मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याचा खून झाला, महिन्याभरात टेक्टॉनिक थिएटरची मंडळी त्या गावात गेली. पुढच्या दीडेक वर्षात दोनशेहून जास्त मुलाखती, आणि २००० साली नाटक आलं. गावकरी, त्यांचेच शब्द, आणि स्वतः नटही मुलाखती घेणारे म्हणून नाटकात. ते उभं राहिलं कारण कोण कोणाशी कशासाठी बोलतंय हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. तुमच्या नर्सशी तो व्यवहार झाला नाही, उलटा झाला.

पण कणा गेला म्हणून रडू नका. त्या गोष्टीत तुम्हा सगळ्यांना नक्की कशाने धरलं ते शोधा. घटना सोडून द्या. तिने काहीतरी पाहिलं आणि सकाळी पाळी सोपवताना ते नोंदीत लिहिलं नाही, असं काही असेल (मी अंदाजाने बोलतोय, धाग्यावर सांगू नका), तर 'पाळी सोपवताना काय सांगायचं आणि काय गाळायचं' हा प्रश्न रखवालदाराचाही आहे, छापखान्यातल्या माणसाचाही आणि फोनवरच्या मुलीचाही. त्यावर दोन दिवस खेळा. नर्सची रात्र तिच्याकडेच राहील.

शाईचा_डाग

पाळी सोपवणं. जाणारा आणि येणारा, हातात एक वही, पाच मिनिटं. तिसरी_घंटा, हा तुमचा साचा आहे. दर प्रवेशात एक माणूस काहीतरी सोपवून जातो आणि पुढच्या प्रवेशात येणारा त्याचं काय करतो ते दिसतं. आता गोष्ट आहे. कार्यशाळा थांबवा आणि लिहा.

पाठांतर_कच्चं

नोंद घ्यावी, शाईचा_डाग यांनी आत्ताच सामूहिक निर्मितीत भाग घेतला.

शाईचा_डाग

सल्लामसलतीचे १६ टक्के लावीन.

तिसरी_घंटा

अंगावर काटा आला. अंदाज किती जवळ गेला ते सांगत नाही. नटीलाही पटलंय, दिग्दर्शक फुरंगटून बसलाय पण उद्या येईल.

करारही झाला. 'लेखन' माझं नाव, लगेच खाली त्याच आकाराच्या अक्षरांत 'कार्यशाळेतील सहनिर्मिती' म्हणून सगळ्या नटांची नावं, पोस्टर, पत्रिका आणि पुस्तक तिन्हीकडे. मिळकतीचा वाटाही लिहिलाय, होईल तेव्हा होईल. स्वतःबद्दल सांगितलेलं मागे घ्यायची मुदत पहिल्या वाचनापर्यंत. फक्त एका कलमावर अडलोय. छापखान्यातला माणूस करणारा नट बदली होऊन चाललाय. त्याचं शाईचं वाक्य ठेवायचं का, आणि नाव?

कलम_दोन

कार्यशाळेत जो होता त्याचं नाव राहतं, प्रयोगात असो वा नसो. वाक्य ठेवणार असाल तर जाण्याआधी त्याला विचारा आणि कलमात तसं घाला. भूमिकेत जो नवा येईल त्याचं नाव 'कलाकार'मध्ये, सहनिर्मितीत नाही. यावरून नवा रुसेल, ते आधीच सांगून ठेवा.

बॅकस्टेजवाली

आणि त्या वही सांभाळणाऱ्या पोरीचं नाव कुठल्या कलमात आहे?

तिसरी_घंटा

बघते तर कुठेच नाही. आज रात्रीच घालते, सहनिर्मितीच्या यादीत, नटांबरोबर.